'उगा' ते 'उगाच' : मराठी वाङ्मयातील मितभाषण आणि मौन

रडणाऱ्या मुलाला मराठी घरात 'उगी, उगी' म्हणून थोपटतात आणि निष्कारण केलेली कृती 'उगाच' केली असे म्हणतात. ही दोन रूपे एकाच शब्दाची आहेत, हे बोलणाऱ्याच्या सहसा ध्यानात नसते. जुन्या मराठीत 'उगा' म्हणजे न बोलणारा, शांत, निश्चल. ज्ञानेश्वरीत हा शब्द याच अर्थाने येतो. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) 'उगा'चा मूळ अर्थ आणि 'उगाच'चा 'विनाकारण' हा अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पुढे प्रमाणभाषेत पहिला अर्थ जवळजवळ मावळला आणि दुसराच उरला. मराठवाड्याच्या बोलीत 'उगी बस' या आज्ञेत तो अजून टिकून आहे. शांत असणे, मग रिकामे असणे, मग कारणावाचून असणे, असा हा प्रवास असावा. 'निवांत' या शब्दाचे थोडेसे असेच झाले. जुन्या मराठीत त्यात निःशब्दतेची छटा होती, आज तो मुख्यतः सवडीचा शब्द आहे. एखाद्या भाषेत शांत राहण्याचा शब्द विनाकारण या अर्थाकडे झुकतो तेव्हा त्या भाषेच्या व्यवहारात मौनाचे मोल कोठे घसरले, हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. प्रस्तुत लेखात मराठी वाङ्मयातील मितभाषणाचा आणि मौनाचा विचार या शब्दाच्या अनुषंगाने करावयाचा आहे, आणि तो शेवटी महाविद्यालयीन वर्गाच्या दारापर्यंत नेऊन पाहावयाचा आहे.

या विचाराचे सर्वांत समृद्ध स्थळ ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ. स. १२९०) तेराव्या अध्यायात आहे. गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत 'अहिंसा' हा एकच शब्द दिला. ज्ञानदेवांनी त्या शब्दाचा माणूस केला, आणि त्या माणसाचे चालणे, श्वास घेणे, बोलणे, पाहणे, हात हलविणे अशा एकेका क्रियेतून अहिंसा दाखविली. बोलण्याविषयीच्या ओव्यांचा आशय पाहण्यासारखा आहे. तेथे स्नेह पुढे पाझरतो आणि अक्षरे मागून चालतात. कृपा आधी प्रकटते, शब्द नंतर. क्रमाची ही उलटापालट नीट लक्षात घेतली पाहिजे. सामान्यतः शब्द आधी सुटतो आणि त्याचा परिणाम पाहून मागाहून सारवासारव होते. ज्ञानदेवांच्या अहिंसकाचा भाव शब्दाच्या आधी समोरच्यापर्यंत पोहोचलेला असतो.

पुढे ज्ञानदेव अधिक सूक्ष्म होतात. हा पुरुष मुळात बोलतच नाही. त्याच्या न बोलण्याची जी कारणे तेथे दिली आहेत ती आध्यात्मिक वाटावीत अशी नाहीत. आपण बोललो तर दुसऱ्याची चाललेली गोष्ट मोडेल, कोणी दचकेल, ऐकून कोणी ते धुडकावील, कोणाला त्रास होईल, कोणाची भुवई वर जाईल, या विचाराने तो उगा राहतो. भुवईचा हा उल्लेख विलक्षण आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरील एवढासा बदल जो आधीच पाहतो तोच असा गप्प राहू शकतो. म्हणजे हे मौन आत वळलेले नाही. त्याचे सगळे लक्ष बाहेर, ऐकणाऱ्याकडे लागलेले आहे. संभाषणाच्या आधुनिक अभ्यासात 'वक्त्याची पाळी' असे ज्याला म्हणतात, त्या पाळीत घुसू नये हा संकेत येथे नीतीच्या पातळीवर मांडलेला आहे.

मग कोणी विनविले आणि प्रेमापोटी तो बोलू लागलाच, तर ऐकणाऱ्याला तो आईबाप होतो. त्याचे शब्द खरे आणि मऊ, मोजके आणि रसाळ असतात. येथे जोड्या पाहाव्यात. 'खरे' शब्द बहुधा मऊ नसतात आणि 'मोजके' शब्द बहुधा कोरडे असतात. एकाच वाणीत हे परस्परविरोधी गुण आणणे ही खरी कसोटी. त्यानंतर त्याच्या वाणीने टाकून दिलेल्या दोषांची यादी येते : विरोध, वादाचा जोर, प्राण्याला ताप देणारे बोलणे, उपहास, छळ, वर्मावर बोट ठेवणे, हट्ट, आवेग, कपट, आशा लावणे, शंका घालणे, फसवणूक. यांतील वर्मस्पर्श आणि आशा लावणे हे दोन दोष विशेष विचारार्ह आहेत. वर्मावर बोट ठेवणारा बहुधा खरेच बोलत असतो, आणि आशा लावणारा गोडच बोलत असतो. केवळ सत्य किंवा केवळ गोडवा यांवर वाणीची परीक्षा होत नाही, हे ज्ञानदेवांनी यादीच्या ओघात सांगून टाकले आहे.

एक गोष्ट जाता जाता नोंदवावी. मोजक्या बोलण्याची महती सांगणारे हे अहिंसेचे प्रकरण ज्ञानेश्वरीतील लांबलेल्या प्रकरणांपैकी एक आहे. ते संपल्यावर ज्ञानदेवांनाच त्याची जाणीव होते आणि ते श्रोत्यांची समजूत काढतात. हिरव्या चाऱ्याच्या नादात गुरू मागची वाट विसरते, किंवा वाऱ्याला लागलेले पाखरू आकाशात भरकटते, तसे आपले झाले असे तुम्ही म्हणाल, अशी ती भाषा आहे. मितभाषण म्हणजे शब्दांची काटकसर नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. श्रोत्याला विचारात घेऊन केलेले दीर्घ भाषणही मित असू शकते. श्रोत्याकडे पाठ फिरवून उच्चारलेले एक वाक्यही अतिरिक्त ठरते.

सतराव्या अध्यायातील तपाचे विवेचन या संदर्भात पूरक आहे. गीतेने कायिक, वाङ्मय आणि मानस असे तपाचे तीन प्रकार केले. दुसऱ्याला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे तसेच स्वाध्याय, हे वाङ्मय तप. मौन मात्र या यादीत नाही. ते पुढच्या श्लोकात, मानस तपात, मनाची प्रसन्नता आणि सौम्यता यांच्या सोबतीला ठेवलेले आहे. वाचकाला प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते, कारण मौन म्हणजे तोंड मिटणे अशी आपली समजूत असते. गीतेच्या मते तोंडाचे तप नीट बोलण्यात आहे आणि मौन ही मनाची स्थिती आहे. तोंड मिटून आत उत्तराची जुळवाजुळव करीत बसलेला माणूस या व्याख्येत मौनी ठरत नाही. वाङ्मय तपाच्या विवेचनात ज्ञानदेव परिसाचा दृष्टान्त देतात : परीस लोखंडाला न तोडता, त्याचे वजन तसेच ठेवून सोने करतो. दुसरा दृष्टान्त पाण्याचा आहे. पाणी खरे तर झाडासाठी सोडलेले असते, पण त्याच्या आधाराने गवतही जगते. तसे एकाशी बोललेले सर्वांच्या हिताचे व्हावे. अध्यापन करणाऱ्याने हा दुसरा दृष्टान्त विसरू नये.

महानुभाव वाङ्मयात हा प्रश्न निराळ्या बाजूने येतो. इस्लापूर ज्या किनवट तालुक्यात आहे त्याला लागूनच माहूर आहे. महानुभावांच्या पंचकृष्णांतील श्रीदत्तात्रेयप्रभूंचे हे स्थान. त्यामुळे या परिसराला हे वाङ्मय परके नाही. म्हाइंभटांनी संकलित केलेले 'लीळाचरित्र' हे चक्रधरस्वामींच्या संभाषणांचे दप्तर आहे असे म्हटले तरी चालेल. कोण आले, काय विचारले, स्वामी काय म्हणाले, कोणत्या ठिकाणी म्हणाले, हे तेथे अतोनात दक्षतेने नोंदलेले आहे. पुढे केसोबासांनी या वचनांतून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. सूत्रे प्रसंगापासून सुटली तेव्हा त्यांचा अर्थ निसटू लागला, आणि म्हणून कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणाऱ्या 'प्रकरणवशा'ची गरज पंथाला भासली. आधुनिक भाषाविज्ञानाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे आग्रहाने मांडले, की उक्तीचा अर्थ तिच्या शब्दांत पूर्णपणे नसतो, बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग मिळून तो घडतो, ते या पंथाच्या ग्रंथव्यवहारात शतकांपूर्वी रुजलेले होते. वचन जपायचे तर त्याच्या आजूबाजूची शांतताही जपावी लागते, असा याचा अर्थ लावता येईल.

रामदासांचा दृष्टिकोण व्यावहारिक आहे. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांत बोलण्याचे दोष जागोजाग विखुरलेले आहेत. आदराविना बोलणे, कोणी न विचारता साक्ष देणे, स्वतःची स्तुती स्वतःच करणे, दोघे बोलत असता तिसऱ्याने तेथे जाऊन बसणे आणि दोन्ही हातांनी डोके खाजवणे. हे शेवटचे चित्र वाचताना हसू येते, कारण तो तिसरा अजून एक शब्दही बोललेला नाही. नुसत्या उपस्थितीने संभाषण मोडता येते हे रामदासांनी हेरले. परंतु त्याच समासात घरी ज्याला विवेक सुचतो आणि सभेत मात्र जो लाजतो, बोलताना बावरतो, त्यालाही मूर्खांच्या पंक्तीत बसविले आहे. समर्थांच्या लेखी प्रत्येक मौन आदरणीय नाही. भयातून आलेले मौन हा दोष आहे. मात्र त्या दोषाचा सगळा भार त्यांनी गप्प राहणाऱ्यावर टाकला. सभा कशी आहे, तिथे कोणाला जागा आहे, हा प्रश्न सतराव्या शतकातील या समासात उपस्थित होत नाही.

तो प्रश्न मराठी भाषेने मात्र आपल्या शब्दसंग्रहात नोंदवून ठेवला आहे. मौन धरतात, अबोला धरतात, तोंडात गुळणी धरतात. 'धरणे' या क्रियापदात कर्त्याची इच्छा आहे. जे धरले ते सोडताही येते. 'अबोला' तर निव्वळ सामाजिक शब्द आहे. ज्याच्याशी बोलण्याचा हक्क आणि अपेक्षा आहे त्याच्याशीच अबोला धरता येतो, परक्याशी कोणी अबोला धरीत नाही. याउलट 'गप्प बसणे' हे क्रियापद प्रयोजक रूप सहज घेते : गप्प बसविणे. 'चूप बसविणे', 'तोंड बंद करणे', 'ब्र काढू न देणे', 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही सर्व कुळी दुसऱ्याच्या इच्छेची आहे. मौन कोणी कोणाला 'पाळवीत' नाही, गप्प मात्र बसवता येते. व्याकरणातील हा भेद म्हणजे समाजातील एका मोठ्या भेदाची सावली आहे. 'उगा' आणि 'मुका' हे दोन शब्द समानार्थी मानून चालणार नाही. उग्याजवळ वाणी आहे आणि तो ती आवरतो. मुक्याला वाणी नाही, किंवा असूनही ती नाकारलेली आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केले तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव दिले आणि शिरोभागी तुकोबांचा एक अभंग घातला. भीड सोडून निःशंकपणे तोंड उघडण्याचा निर्धार आणि मुक्यांचा वाली जगात कोणी नसतो ही जाणीव, असा त्याचा आशय. वारकरी परंपरेने विनयाचे आणि मितभाषणाचे संस्कार दिले, आणि त्याच परंपरेतील एक अभंग मौनभंगाचे ब्रीद झाला, यात विसंगती नाही. ज्याला बोलू दिले गेले नाही त्याला मितभाषणाचा उपदेश करणे ही त्याची दुसऱ्यांदा केलेली गळचेपी होय. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याने हा अनुभव दुसऱ्या एका रूपात घेतला. 'गश्ती निशाण ५३' या हुकमान्वये सभेला सरकारी परवानगी लागे, आणि उच्च शिक्षणाची भाषा बहुसंख्यांच्या घरची नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या नांदेडात वक्तृत्वाला जो असाधारण मान मिळाला, नरहर कुरुंदकरांसारख्या (१९३२–१९८२) वक्त्यासाठी माणसे जी दुरून येत राहिली, त्यामागे या दीर्घ मुकेपणाची आठवण असणे शक्य आहे.

नांदेडातच जन्मलेल्या कविता महाजन (१९६७–२०१८) यांनी आपल्या पहिल्या कादंबरीला 'ब्र' (२००५) हे नाव दिले. मराठीत हा वर्ण बहुधा नकारासोबतच येतो. 'ब्र काढला नाही' असे म्हणतात. 'ब्र काढला' असे क्वचित. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. निवडून आलेल्या, पण सभेत तोंड उघडण्याची सोय नसलेल्या आदिवासी भागातील स्त्रियांचे जग या कादंबरीत आहे. जागा मिळाली म्हणून आवाज मिळत नाही. आणि आवाज मिळाला तरी ऐकणारा मिळतोच असे नाही.

ऐकणारा नसण्याची परिसीमा विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (प्रथम प्रयोग १९६७) या नाटकात आहे. शीर्षकातील 'शांतता' हा शब्द नाम असूनही हुकूम आहे. अभिरूप न्यायालयाच्या खेळात मिस बेणारेला पिंजऱ्यात उभे केले जाते, तिचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणले जाते, आणि शेवटी तिला आपली बाजू मांडण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. ती काही बोलत नाही. त्या दहा सेकंदांच्या आत, इतर सर्व पात्रे स्तब्ध असताना, रंगमंचावर तिचे प्रदीर्घ स्वगत होते. कोर्टाच्या नोंदीत मात्र आरोपी गप्पच राहिली. प्रेक्षकाने जे ऐकले ते न्यायासनाने ऐकलेले नाही. बाहेरून दहा सेकंदांची निःशब्दता आणि आतून एक संपूर्ण आयुष्य, ही नाट्ययोजना म्हणून तर थोर आहेच, पण मौनाचा अर्थ लावण्याची घाई करणाऱ्या प्रत्येकाला ती अडवते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) मधील शांतता याहून वेगळी. एकाच घरातील माणसे एकमेकांना सर्व काही ठाऊक असल्यामुळे बोलत नाहीत. त्याच लेखकाने पुढे आपल्या ललितलेखांच्या संग्रहाला 'मौनराग' (२०१२) हे नाव दिले, हे योगायोगाचे वाटत नाही.

दहा सेकंद हा काळ संभाषणात फार मोठा असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या एका तौलनिक अभ्यासात प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतील अंतर सरासरीने सेकंदाच्या सुमारे एक पंचमांश आढळले. जपानीत ते जवळजवळ शून्य, तर डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती. अंतर इतके अल्प असण्याचा अर्थ असा की समोरचा बोलत असतानाच ऐकणारा आपले उत्तर तयार करू लागतो. म्हणूनच एक सेकंदाचा विरामदेखील बोचतो आणि तो भरून काढण्यासाठी शब्द टाकले जातात. सर्वच समाज असा विराम भरतात असे मात्र नाही. कीथ बॅसो या मानववंशशास्त्रज्ञाने १९७० साली ॲरिझोनातील वेस्टर्न अपाचे समाजाविषयी लिहिताना दाखविले की अनोळखी माणसे भेटली, दूर शिकायला गेलेली मुले घरी परतली, किंवा कोणी शोकात असले, म्हणजे जेथे जेथे नात्याची स्थिती अनिश्चित असते तेथे तेथे ते लोक न बोलणे योग्य मानतात. दुःखाच्या घरी जाऊन काही न बोलता बसून येण्याची रीत मराठी खेड्यालाही अपरिचित नाही. तेथे बोलणे सुचत नाही म्हणून कोणी ओशाळत नाही.

वर्गात मात्र शिक्षक ओशाळतो. मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९७०च्या दशकात अमेरिकेतील वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे आढळले. तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याकडे वळतात, किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे लांब झाली, 'माहीत नाही' हे उत्तर कमी झाले, आणि शिक्षकाने ज्यांना मंद समजले होते तीही मुले बोलू लागली. दोन सेकंदांचा हा फरक ज्ञानाच्या मोजमापात किती मोठा होतो, याचा विचार भाषेच्या अध्यापकाने तरी केला पाहिजे.

इस्लापूरसारख्या ठिकाणी या विचाराला आणखी एक पदर आहे. गाव मराठवाड्याच्या कडेला आहे. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा, नदीपलीकडे विदर्भातील यवतमाळ जिल्हा, आणि तेलंगणाची सीमाही फार दूर नाही. किनवट-माहूरच्या या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि दखनी उर्दू कानावर पडते. कोलामी आणि गोंडी या द्राविड भाषा आहेत. एम. बी. एमेनो यांनी कोलामीचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले. त्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला प्रमाण मराठीतील प्रश्न समजून घेणे, घरच्या भाषेत विचार करणे आणि पुन्हा प्रमाण मराठीत वाक्य जुळविणे अशा तीन पायऱ्या कराव्या लागतात. ज्याची घरची भाषा मराठीच आहे, पण किनवटची मराठी आहे, त्याला एक चौथी पायरी असते : आपण बोललो तर कोणाची भुवई वर जाईल, कोण हसेल, याचा अंदाज घेणे. ज्ञानदेवांचा अहिंसक दुसऱ्याला दुखवू नये म्हणून भुवईकडे पाहत होता, हा विद्यार्थी आपण दुखावले जाऊ नये म्हणून पाहतो. दोघेही उगे आहेत. बाहेरून त्यांत काही फरक दिसत नाही.

तोंडी परीक्षेत हा फरक गुणांचा प्रश्न होतो. बाह्य परीक्षक काही मिनिटांत एकेका विद्यार्थ्याला तपासतात, आणि थांबून, सावकाश उत्तर देणाऱ्याच्या विरामाचे गुण वजा होतात, कारण विराम म्हणजे अज्ञान असे गृहीत धरलेले असते. घोकलेले उत्तर विरामाशिवाय येते, विचार करून दिलेले बहुधा विरामानंतरच येते. परीक्षकाने प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजावेत, उत्तर संपल्यासारखे वाटल्यावर पुन्हा तीन मोजावेत, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याला त्याच्या बोलीत उत्तर देता येईल असा ठेवावा, एवढी साधी योजनाही कोणत्याही विभागाला परवानगीवाचून अमलात आणता येण्यासारखी आहे. तिला लागणारा वेळ दर विद्यार्थ्यामागे एक मिनिटाच्या आतच भरेल.